टॉवेल गळ्यात आहे तोवर

मी कवळ्या बनवते. दात गेलेल्या माणसाच्या हिरड्यांचा ठसा दवाखान्यातून येतो. त्यावरून मी प्लास्टरचा साचा करते, मेणात दात बसवते, घासून-पुसून चकचकीत करते आणि डबीत घालून परत पाठवते. सतरा वर्षं हे काम आमच्या मधल्या खोलीतल्या टेबलावर चाललं होतं. ठशाबरोबर एक चिठ्ठी यायची. वरची, खालची, रंग अमुक, पुढचा एक दात जरा तिरका ठेवा, पेशंटला तसाच हवाय. चिठ्ठी वाचायची आणि कामाला लागायचं.

त्या वर्षी मला काम पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की पुढच्या महिन्यापासून चिठ्ठ्या बंद. सूचना ई-मेलने येतील, ठसे मात्र पूर्वीसारखे हातोहात. म्हणजे हिरड्या घरी येणार आणि त्या कुणाच्या ते इंटरनेटवर कळणार.

आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि तेव्हा फोनमध्ये फक्त फोन असायचा. नवऱ्याने बंद पडलेल्या एका चष्म्याच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर उचलून आणला. सुरू केला की तो पासवर्ड मागायचा. पासवर्ड दुकानदाराला ठाऊक, आणि दुकानदार कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

माझा नवरा बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात झाकणं तपासतो. त्याच्या शेजारच्या यंत्रावर एक गृहस्थ होते, त्यांना सगळे सीडीवाले म्हणायचे. ते जेवणाच्या सुट्टीत एका मोफत, खुल्या सिस्टिमच्या सीड्या वाटायचे. त्यांनी नवऱ्याला एक दिली.

"खुली म्हणजे आतलं सगळं उघडून बघता येतं," ते म्हणाले. "दुरुस्त करता येतं. पुढच्याला देता येतं. लपवाछपवी नाही."

"तुमच्याकडे कशी चालते?"

"माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. मला तत्त्व पटलंय."

नवऱ्यालाही पटलं. रविवारी सकाळी त्याने सीडी घातली आणि दुपारपर्यंत कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा सजून बसला. पडदा छान, आवाज छान. राहिलं फक्त इंटरनेट. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहतात. त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन माहेरपणाला येते म्हणून त्यांच्याकडे इंटरनेटचा डबा होता, आणि त्या म्हणाल्या, "घ्या की वर वायर. एरवी तो नुसता लुकलुकत बसतो, मला वाटतं माझ्याकडेच बघतोय." नवऱ्याने जमिनीला भोक पाडलं. मोजमाप चुकलं आणि वायर बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पलंगाखालून वर आली. तिथून ती मधल्या खोलीत आणली, कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली.

काही झालं नाही. पडद्यावर एक ओळ आली. नेटवर्क कार्ड: अनोळखी उपकरण.

"अनोळखी?" बाबा म्हणाले. ते लिफ्टचे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत आणि कुठलीही सूचना मोठ्याने वाचतात. "त्याच्याच पोटात बसलंय आणि अनोळखी?"

मी म्हटलं, "दुसरं कार्ड आण ना."

"कार्डात काय दोष आहे?" नवरा म्हणाला. "त्याची ओळख पटत नाही, एवढंच. पाहुण्याची ओळख पटली नाही तर आपण दुसरा पाहुणा आणतो का?"

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. आमच्या सगळ्या फरफटीचं कारण म्हणाल तर हेच, की त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही.

सीडीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कुणीतरी भला माणूस तो लिहून इंटरनेटवर ठेवतो. तो उतरवून घ्यायचा.

"इंटरनेट लागायला इंटरनेटवरून आणायचा?"

"हो," सीडीवाले म्हणाले. "तेवढी एक अडचण आहे."

आमच्या रस्त्यावर इंटरनेट असलेली दुसरी जागा एकच होती, समोरचं केशकर्तनालय. मालकांना सगळे कात्रीकाका म्हणतात. त्यांनी वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी कॉम्प्युटर घेतला होता. झालं असं, की लोक नुसतीच वाट बघायला येऊ लागले. एक जण तीन आठवडे वाट बघत होता आणि त्याला टक्कल होतं. तेव्हा काकांनी कॉम्प्युटर उचलून खुर्चीसमोर, आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि वर पाटी लावली. 'संगणक फक्त गिऱ्हाइकांसाठी. टॉवेल गळ्यात आहे तोवर गिऱ्हाईक.'

कीबोर्ड मांडीवर, टॉवेलच्या वर ठेवायचा. केस पडले की काका ब्रशने झटकायचे, आधी मानेवरचे, मग कीबोर्डवरचे.

नवऱ्याने पहिल्या दिवशी केस कापून घेतले आणि पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला. घरी उघडला तर तो तयार ड्रायव्हर नव्हताच. ती त्याची कृती होती, नुसती अक्षरं. ती शिजवायला कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम लागतो. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी करून घेतली आणि कंपायलर आणला. कंपायलर म्हणाला, मी एकटा येत नाही, मला चार सोबती लागतात. तिसऱ्या दिवशी दाढी उगवलेली नव्हती, म्हणून त्याने केस आणखी बारीक करून घेतले. तेवढ्यात दोन सोबती उतरले. तिसरा निम्मा उतरला असताना काकांनी टॉवेल झटकला.

"काका, पाच मिनिटं!"

"कापायला काय उरलंय?"

"तासा."

काकांनी डोकं तुळतुळीत केलं. तिसरा उतरला, चौथा उतरला. नवरा घरी आला तेव्हा ताईने, म्हणजे माझ्या नणंदेने, दार उघडलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

ती चेष्टेत म्हणाली होती. पण दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने नवऱ्याच्या ओळखपत्रावरचा फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "ओळख पटत नाही."

"अरे, मी! रोज तुला हात करतो!"

"हात करणाऱ्याला केस होते."

नवऱ्याने झाकणांविषयी सगळं सांगितलं, कुठल्या यंत्रावर कुठलं झाकण, कुठल्याची कड चुकते. रखवालदार म्हणाला, माहिती बरोबर आहे, पण माहिती कुणीही पाठ करू शकतो. सीडीवाल्यांना बोलावलं. तेही क्षणभर अडखळले. शेवटी कार्यालयातून एक कागद मिळाला, की सदर इसम केस उगवेपर्यंत हा कागद दाखवून आत येऊ शकेल.

त्या संध्याकाळी नवरा कॉम्प्युटरसमोर बसला. मग त्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, कार्डावरची धूळ फुंकली आणि परत बंद केलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काही नाही. त्याचं काय होत असेल ते आज कळलं."

आता कंपायलर होता, चार सोबती होते. तर तो म्हणाला, हेडर्स कुठायत? म्हणजे सिस्टिमच्या ठरावीक आवृत्तीच्या ठरावीक फाइली. आणि नवऱ्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

जेवताना सगळ्यांच्या नजरा जाऊन जाऊन एकाच ठिकाणी थांबत होत्या. बाबांना बत्तीस वर्षांच्या मिशा होत्या. रुंद, पांढऱ्या, टोकाला पीळ दिलेल्या. लिफ्टच्या मालकांना त्या जिन्यातूनच दिसायच्या, कारण बाबा स्वतः तपासणी करेपर्यंत लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत.

"माझ्याकडे बघू नका," बाबा म्हणाले.

"आम्ही कुठे बघतोय?" ताई म्हणाली.

पण सकाळी त्यांनी स्वतःच पेन ड्राइव्ह मागितला. रात्री विचार केला म्हणाले. निवृत्तीनंतर एकदा ते जुन्या कचेरीत गेले होते आणि दारावरच्या नव्या माणसाने विचारलं होतं, आपण कोण? त्यांनी तीस वर्षं ज्या दारातून ये-जा केली त्या दारात उभं राहून आपलं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. "मुलाला फाटकावर अडवलं," ते म्हणाले, "आणि ह्या कार्डाला आतल्या आत अडवलंय. लिहून दे काय आणायचं ते."

नवऱ्याने कागदावर मोठ्या अक्षरांत आकडे लिहून दिले. मी खिडकीतून बघत होते. बाबा ताठ चालत रस्ता ओलांडून गेले, खुर्चीत बसले. कात्रीकाकांनी कात्री उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मला वाटतं त्यांनी दोनदा विचारलं. मग मी खिडकीतून बाजूला झाले.

बाबा परत आले ते तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. पेन ड्राइव्ह त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. नवऱ्याने तो लावला आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. त्यावर हवामानाचा अंदाज सांगणारा एक प्रोग्राम होता.

"बाबा, हे कुठून आलं?"

"पानावर मोठं हिरवं बटण होतं. त्यावर 'इथून उतरवा' असं लिहिलेलं होतं. मी सूचनेचं पालन केलं."

ती जाहिरात होती. बत्तीस वर्षांच्या मिशा गेल्या आणि बदल्यात हवामान आलं. इंटरनेट नसल्यामुळे तेही सांगेना. पडद्यावर एक ढग आणि त्यावर प्रश्नचिन्ह. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. चार दिवस ते वर्तमानपत्रामागूनच बोलले, जेवले मात्र स्वयंपाकघरात एकटे.

आता हा प्रश्न इभ्रतीचा झाला. ताई उठली. ती पोहायला शिकवते आणि तिचे केस मुठीत मावतील एवढेच. काकांनी तिला खुर्चीत बसवून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "हे चार मिनिटांचं काम आहे. तुमच्या हेडर्सना किती लागतात?"

ह्या दहा दिवसांत काका पक्के झाले होते. त्यांच्या हिशेबाने साधी दाढी म्हणजे बारा मिनिटं, डोकं म्हणजे वीस. कुणी फाइलचा आकार सांगितला की ते गिऱ्हाइकाकडे बघून तिथल्या तिथे सांगायचे, होईल किंवा नाही होणार.

"चौदा," ताई म्हणाली.

"नाही होणार."

"धुऊन द्या."

पाटीत धुण्याविषयी काही नव्हतं. ताईने फाइल लावली, मान मागे टाकली आणि नळाखाली डोकं धरलं. काकांनी धुतलं. तिने टॉवेल घट्ट धरून सांगितलं, परत धुवा. तीनदा धुतलं. चौथ्यांदा काका म्हणाले, "आता रंग जाईल." ताई म्हणाली, "काका, मी दिवसाचे सहा तास पाण्यात असते." हेडर्स उतरली.

दुपारी नवऱ्याने आज्ञा दिली आणि पडद्यावर अक्षरं धो-धो धावू लागली. बाबांचं वर्तमानपत्र नाकापर्यंत खाली आलं. अक्षरं थांबली. एकही चूक नाही. नवऱ्याने ताईला मिठी मारली, ड्रायव्हर चालू केला आणि कार्डाची चौकशी केली.

अनोळखी उपकरण.

तेव्हा प्रथमच मी हातातला साचा खाली ठेवला आणि म्हटलं, "मला दाखव ते काय आहे."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी सतरा वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलंय. नवऱ्याने ड्रायव्हरची कृती उघडली. मी वरून खालपर्यंत वाचत गेले. मध्ये एक यादी होती, नऊ ओळींची, प्रत्येक ओळीत दोन-दोन आकडे. ही ज्यांना ओळखायचं त्या कार्डांची यादी असावी एवढा अंदाज आला. आणि अगदी तळाशी लिहिलं होतं, तुमचं कार्ड यादीत नसेल तर मला कळवा. खाली ई-मेलचा पत्ता.

"दहा दिवस तू हे शेवटपर्यंत वाचलं नाहीस?" मी विचारलं.

नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवला. तिथे काही नसल्यामुळे हात घसरला.

आता घरात केसवाली मीच उरले होते. माझी वेणी काही फार मोठी नाही, पण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी काकांच्या खुर्चीत बसले. "टोकं," मी म्हटलं. "बोटभर. सावकाश." आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन माझ्या मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, की आमच्याकडे अमुक कंपनीचं कार्ड आहे, वर तसं लेबल आहे, ते यादीत नाही, कृपया ओळखावे.

वाटलं होतं आठवड्याने उत्तर येईल. डोक्याची डावी बाजू कापून होत होती तेवढ्यात आलं. त्या माणसाचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं. त्याने लिहिलं होतं, "बाई, सहा वर्षांत मला आलेलं हे पहिलं पत्र. ही कंपनी कार्ड बनवत नाही, फक्त लेबलं छापते. लेबल उचलून खालच्या चिपवरचा आकडा वाचा. मी इथेच बसलो आहे."

"काका, घरी जाऊन यायला पाहिजे."

"अर्धं डोकं घेऊन?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. "टॉवेल गळ्यात आहे तोवर गिऱ्हाईक. बरोबर?"

काका पाटी स्वतःच लिहिलेली असूनही नव्याने वाचल्यासारखे वाचू लागले. त्यात खुर्चीचा उल्लेख नव्हता. ते तत्त्वाचे माणूस आहेत. त्यांनी टॉवेलची गाठ मागून नीट घट्ट केली आणि म्हणाले, "या."

मी टॉवेल फडफडवत रस्ता ओलांडला, जिना चढले, कार्ड काढलं. मेण कापायच्या सुरीने लेबल उचललं. हे काम मला येतं, हिरडी न दुखावता कड उचलायची. खाली काळी चिप आणि तिच्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. माझं भिंग लावलं, वाचलं, तळहातावर लिहिलं, कार्ड परत बसवलं, धावत खाली. काकांनी उजव्या बाजूचे चार केस कापले आणि मी आकडा पाठवला.

उत्तर आलं. "उत्तम. ही चिप मी ओळखतो. आता कॉम्प्युटर चालू करून कार्डाला त्याचे दोन आकडे विचारा. आज्ञा खाली दिली आहे. आणि बाई, कृपया जाऊ नका."

पुन्हा धावणं माझ्या गुडघ्यांना जमेना. मी दारातून वर ओरडले. नवरा कॉम्प्युटरवर बसला, ताई जिन्यात, काकू आपल्या दारात आणि रस्त्याच्या कडेला मी, गळ्यात टॉवेल, मागे कात्री घेऊन काका. एक ट्रक आडवा आला आणि आवाज पोचेना, तेव्हा बाबा वर्तमानपत्र टाकून खाली उतरले. उघड्या ओठाने ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. मिशा नसल्या तरी हात निरीक्षकाचा होता. ट्रक थांबला. मागच्या दोन गाड्याही थांबल्या.

"एक, शून्य, बी, सात!" नवरा वरून.

"एक, शून्य, बी, सात!" ताई.

"एक, शून्य, डी, सात!" काकू.

"बी का डी?" मी ओरडले.

"बदकातला का डबीतला?" काकूंनी वर विचारलं.

"बदकातला!"

"बदक!" बाबांनी रस्त्यातून घोषणा केली. ट्रकवाल्यानेही मान बाहेर काढून सांगितलं, "बाई, बदक."

दुसरा आकडा एका दमात पोचला. मी दोन्ही पाठवले. काकांनी माझ्या मागे उभं राहून हवेत कात्री चालवली, नुसती, केसाला न लावता. त्यांना वाटलं मला दिसत नाही. समोर आरसा होता.

उत्तरात एकच ओळ होती, यादीत टाकायची दहावी ओळ. मी ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि खात्री म्हणून हातावरही लिहिली. घरी येऊन मीच ती यादीत लिहिली, नवव्या ओळीच्या खाली. नवऱ्याने परत शिजवलं. अक्षरं धावली, थांबली. कार्डाच्या मागे हिरवा दिवा लागला आणि त्याच्या शेजारी पिवळा लुकलुकू लागला. खालून काकू ओरडल्या, "माझा डबा वेड्यासारखा करतोय!"

कुणी जल्लोष केला नाही. आम्ही सगळे नुसते त्या पिवळ्या दिव्याकडे बघत होतो. बाबांनी कागद घेतला, तारीख घातली आणि लिहिलं, 'उपकरण समक्ष पाहिले. चालू स्थितीत आढळले.' खाली सही केली. मग त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडे हवामानाच्या ढगावरचं प्रश्नचिन्ह गेलं होतं. उद्या ऊन पडणार होतं.

मी टॉवेल परत करायला गेले तेव्हा दीड वाजला होता. माझं डोकं डावीकडे बोटभर आणि उजवीकडे चार केस असं कापलेलं होतं. काकांनी न विचारता दोन्ही बाजू सारख्या केल्या. कॉम्प्युटर चालू होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात सूचना ई-मेलने येऊ लागल्या. पुढचा दात जरा तिरका ठेवा. काम पूर्वीसारखंच सुरू झालं. नवऱ्याला केस आले, कारखान्याने कागद परत घेतला. बाबांनी मिशा परत वाढवायला घेतल्या, पण पहिल्या महिन्यात त्या एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ आल्या. मग ते म्हणाले, सवय झाली आता, हवा लागते ते बरं वाटतं, आणि त्यांनी नादच सोडला.

त्या माणसाची दोन-तीन पत्रं आली. तो कुठे राहतो ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचं स्वतःचं कार्ड सहा वर्षांपूर्वी जळलं होतं. तरी त्याने ड्रायव्हर सोडला नव्हता. सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली, की तो नुसत्या अंदाजाने त्यात बदल करायचा, चालतंय की नाही हे बघायला जवळ काहीच नसताना. आता मोठ्या सिस्टिमच्या मंडळींनी त्याला कळवलं होतं, की ज्या ड्रायव्हरची तपासणी करणारं कुणी नाही तो आम्ही काढून टाकणार. "बाई, मी सगळीकडे विचारलं. हे कार्ड चालवणारं घर तुमच्याशिवाय सापडलं नाही. वर्षातून दोनदा तपासाल का?"

मी घरात वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "एका कार्डासाठी?" आणि मग स्वतःच उठून कॉम्प्युटरवरची धूळ पुसली.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आहे, त्याला वायर लागत नाही. जुना कोपऱ्यात, वर कापड घालून ठेवलेला. वर्षातून दोनदा पत्र येतं, की नवी आवृत्ती तयार आहे. त्या रविवारी आम्ही कापड काढतो, पलंगाखालची वायर ओढून लावतो, शिजवतो आणि दिव्यांकडे बघतो. ताई मागून दिवे वाचते, मी उत्तर लिहिते. एकदा चाललं नाही, तर त्याने चार दिवसांत सतरा पत्रं पाठवली आणि चुकलेला स्वल्पविराम शोधून काढला. त्या चार दिवसांत नवऱ्याने कारखान्यात रजा टाकली होती.

गेल्या वेळी तपासणी झाल्यावर मला राहवेना. मी लिहिलं, "हिरवा लागतो, पिवळा लुकलुकतो. चालतंय. पण खरं सांगू का, तपासणीचा दिवस सोडला तर हे कार्ड आम्ही कशालाच वापरत नाही."

तासाभराने उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, "मीसुद्धा. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी."